ग्रॅनाइटचा ओटा आणि दुकानातला प्रयोग

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घरात एक ओटा बसला. जुन्या घरांत ओट्यावर कडप्पा असे. आता नवे घर घेणारा माणूस बहुधा ग्रॅनाइटच मागतो. दगड पसंत करताना घरातली बाई हमखास एक प्रश्न विचारते, ‘गरम भांडे थेट ठेवले तर चालेल ना?’ प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. उत्तर मात्र बरेचदा दोन भागांत मिळते. पहिला भाग म्हणजे एक वाक्य : ‘अहो, हा ज्वालामुखीतून आलेला दगड, याला आगीचे काय?’ दुसरा भाग म्हणजे प्रयोग. नमुन्याच्या वीतभर तुकड्यावर लायटरची ज्योत काही सेकंद धरायची, मग बोट फिरवून दाखवायचे. डाग नाही, तडा नाही. गिऱ्हाईक खूष.

या वाक्याची आणि या प्रयोगाची आपण तपासणी करू. विक्रेत्याला खोटे पाडण्यासाठी नव्हे. रोजच्या वापरापुरता त्याचा निष्कर्ष बराचसा बरोबरच आहे. पण तो ज्या वाटेने त्या निष्कर्षाला पोहोचतो ती वाट चुकीची आहे, आणि तीच वाट आपल्या वर्गांतूनही जाते. भूगोलाच्या तासाला मुले खडकांचे तीन प्रकार पाठ करतात. त्यांतला ‘अग्निजन्य’ हा शब्द ऐकला, की अग्नीतून जन्मलेल्याला अग्नीचे भय नाही असे मुलांच्या मनात आपोआप ठरते. शब्दाने केलेली ही दिशाभूल दुरुस्त करण्याचे काम शिक्षकाचे आहे.

आधी ‘ज्वालामुखीतून आलेला’ याविषयी. ग्रॅनाइट ज्वालामुखीतून बाहेर पडत नाही. शिलारस जमिनीच्या पोटात, काही किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली अडकून राहतो आणि फार सावकाश थंड होतो, तेव्हा ग्रॅनाइट बनतो. सावकाश म्हणजे हजारो, लाखो वर्षे. म्हणून त्यातले स्फटिक डोळ्यांना दिसतील इतके मोठे वाढतात. ज्वालामुखीतून बाहेर येऊन भराभर निवालेला खडक पाहायचा असेल तर वसई-विरारकराला दूर जायला नको. जीवदानीचा डोंगर, तुंगारेश्वरच्या टेकड्या हा सगळा बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा मुलूख आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचे कण इतके बारीक की भिंगाशिवाय वेगळे दिसत नाहीत.

आणि उष्णतेच्या खेळात हा अग्निजन्य खडक तडकत नाही म्हणावे, तर पश्चिम रेल्वेने अंधेरीला उतरावे. तिथली गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे दोनशे फूट उंचीच्या उभ्या दगडी खांबांचा जुडगा आहे. हे खांब कुणी घडवलेले नाहीत. तप्त खडक निवताना आकसला, आकसताना तडकला, आणि तडे वरून खाली पसरत गेले, म्हणून हे खांब दिसतात. उष्णतेमुळे, अधिक नेमके सांगायचे तर तापमानातील फरकामुळे, दगड कसा फुटतो याचे याहून मोठे प्रात्यक्षिक मुंबईच्या आसपास नाही. ‘अग्निजन्य’ हा शब्द खडकाचा जन्म सांगतो, त्याच्या अंगचा गुण सांगत नाही.

मग दगड उष्णतेने फुटतो तो का? वितळून तर नक्कीच नाही. ग्रॅनाइट वितळायला कित्येक शे अंश सेल्सिअस लागतात आणि घरातला तवा फार तर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत जातो. दगड फुटतो तो प्रसरणामुळे. ग्रॅनाइट हा एकच पदार्थ नाही. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक यांसारख्या खनिजांचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकून तो बनलेला असतो. यांपैकी प्रत्येकाचा प्रसरण गुणांक वेगळा. इतकेच नव्हे, तर क्वार्ट्झचा एकच स्फटिक एका दिशेला जेवढा फुगतो त्याच्या जवळजवळ दुप्पट आडव्या दिशेला फुगतो. शेजारी-शेजारी दाटीने बसलेले हे प्रवासी तापले की प्रत्येक जण वेगळ्या प्रमाणात, वेगळ्या दिशेला कोपर मारू लागतो. विरार लोकलचा प्रवास ज्यांनी केला आहे त्यांना अधिक सांगायला नको. कणांच्या सीमांवर बारीक भेगा पडतात त्या अशा. पुढे ५७३° से. ला क्वार्ट्झची अंतर्रचनाच बदलते आणि त्याचे घनफळ एकदम वाढते. ल शातलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८९ साली हा बदल दाखवून दिला. ओट्यावर हे तापमान कधी येत नाही, पण आगीत येते. १८७२ साली अमेरिकेत बोस्टन शहराला मोठी आग लागली, तेव्हा ग्रॅनाइटच्या भक्कम समजल्या गेलेल्या इमारतींचे दर्शनी दगड ढलपे उडून ढासळले.

आपल्याकडच्या दगडफोड्यांना तर ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत होती. दक्षिण भारतातील ग्रॅनाइटच्या खाणकामाचे एक वर्णन एच. वॉर्थ यांनी १८९५ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात दिले होते. सुरुंग नाही, दारू नाही. उघड्या खडकावर लाकडांच्या विस्तवाची एक ओळ पेटवायची. तापलेला वरचा थर फुगतो, खालचा थंड खडक फुगत नाही, आणि दोन्हींच्या मधून खडक पृष्ठभागाला समांतर सुटतो. कामगार पुढच्या बाजूला हातोड्याने ठोकून आवाज ऐकतो. आवाज बदलला की थर सुटला असे समजून विस्तव थोडा पुढे सरकवायचा. अशा रीतीने जेमतेम अर्धा फूट जाडीची, पण अंगणाएवढी पसरट लादी अखंड सोडवली जाई. आजही पदपथासाठी खरखरीत ग्रॅनाइट हवा असेल तेव्हा कारखान्यात गुळगुळीत कापलेल्या लादीवरून प्रखर ज्योत फिरवतात. वरचे कण तडतडून उडतात आणि पृष्ठभाग घसरत नाही असा होतो. ज्या दुकानात ज्योतीने दगडाला काही होत नाही असे दाखवतात, त्याच दुकानात ज्योतीनेच खरबरीत केलेला दगड विकायला असू शकतो! फरक ज्योतीच्या ताकदीचा आणि वेळेचा आहे.

इथे दुकानातल्या प्रयोगाचा पहिला दोष उघड होतो. लायटरच्या ज्योतीचे तापमान पुष्कळ असते, पण तिच्यातून दगडाला मिळणारी उष्णता अगदी थोडी. तापमान आणि उष्णता या दोन राशींचा घोटाळा आपण आठवी-नववीच्या वर्गात खोडून काढतो, आणि बाजारात तोच घोटाळा प्रयोग म्हणून दाखवला जातो. ओट्यापुरता थोडा हिशेब करू.

समजा, एक किलो वजनाचा लोखंडी तवा २५०° से. ला आहे आणि ओटा ३०° से. ला. लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला सुमारे ४५० ज्यूल. तेव्हा तव्याजवळ जादा उष्णता सुमारे ९९ हजार ज्यूल. तव्याखालचा दगड २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि २ सेंटिमीटर जाडीचा धरला तर त्याचे वजन भरते सुमारे २.६ किलो. ग्रॅनाइटची विशिष्ट उष्णता ८०० ज्यूलच्या आसपास. तव्याची सगळी उष्णता फक्त या तुकड्यालाच मिळाली असे मानले, तरी तवा आणि दगड मिळून ७०° से. च्या अलीकडेच स्थिरावतात. आता तव्याऐवजी तीन लिटर उकळत्या पाण्याचे पातेले ठेवा. त्याचे तापमान अवघे १००° से.; पण ३०° से. पर्यंत निवताना ते जवळजवळ ८ लाख ८० हजार ज्यूल देऊ शकते, म्हणजे तव्याच्या नऊपट. त्याखालचा दगड हळूहळू तव्याखालच्या दगडापेक्षा अधिक तापू शकतो. वर्गात हा प्रश्न विचारून पाहा : दगडाला जास्त उष्णता कोण देईल, तवा की पातेले? बहुतेक हात तव्याच्या बाजूने वर जातील.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दुकानातला नमुना वीतभर असतो आणि चारी बाजूंनी मोकळा. तापला तर तो सगळाच्या सगळा फुगू शकतो. ओट्यावरच्या लादीत मात्र तापलेल्या गोलाला भोवतालच्या थंड दगडाने वेढलेले असते. तापलेला भाग फुगू पाहतो, थंड भाग त्याला फुगू देत नाही. परिणामी आतला भाग दाबला जातो आणि त्याच्या लगत बाहेरचा दगड परिघाच्या दिशेने ताणला जातो. दाब ग्रॅनाइट मजेत सहन करतो. त्याचे दाबबल दीडशे-दोनशे मेगापास्कल असते. ताण मात्र त्याला सोसत नाही. त्याचे ताणबल साधारण १० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे दाबबलाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकेच. दगड तुटतो तो नेहमी ओढला गेल्यामुळे.

वरच्याच आकड्यांवरून हा ताण काढता येतो. यंग गुणांक ५० हजार मेगापास्कल, प्रसरण गुणांक अंशाला दहा लाखांत ८, तापमानातील वाढ ३८ अंश. यांचा गुणाकार सुमारे १५. पातळ पत्र्यातील तापलेल्या गोलाच्या कडेला याच्या निम्मा ताण येतो, म्हणजे साडेसात मेगापास्कल. दगडाच्या मर्यादेच्या अगदी जवळ! परंतु घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण आपण सगळी उष्णता दगडात कोंबली होती. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, भांडे दगडाला काही ठिकाणीच टेकते, आणि उष्णता बाजूलाही पसरते. म्हणून चांगल्या, अखंड लादीवर रोज पातेली उतरवली तरी वर्षानुवर्षे काही होत नाही. हा हिशेब ‘काही होणारच नाही’ असे सांगत नाही, ‘मध्ये फार मोठे अंतर राखलेले नाही’ एवढे सांगतो.

आणि लादी अखंड असतेच कुठे? तिच्यात सिंकसाठी एक भोक कापलेले असते. आता शेगडी ओट्यात बसवायची पद्धत आली आहे, म्हणून तिच्यासाठी दुसरे. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक पाडले तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ सालीच गणिताने दाखवले आहे. चौकोनी भोकाच्या टोकदार कोपऱ्यात तो याहूनही वाढतो. शिवाय भोकाच्या पुढे आणि मागे दगडाची चार बोटांची पट्टीच उरते. कारागीर सरळ रेषेत कटर चालवतो, दोन काप कोपऱ्यात एकमेकांना ओलांडून जातात, आणि पुढे पडणाऱ्या तड्याचे बी तिथेच पेरले जाते. कापण्यापूर्वी कोपऱ्यांवर गोल भोके पाडून घेतली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. कटरवर पाणी सोडायलाही सांगावे. कोरड्या कटरने कड तापून बारीक भेगा पडतात हे एक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्वार्ट्झची उडालेली धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ओट्याच्या टिकाऊपणाची चौकशी करणाऱ्याने एवढी चौकशीही करावी.

आता सर्वांत मजेची गोष्ट. ज्याच्या गुणदोषांची आपण इतकी चर्चा केली, तो ग्रॅनाइट आपल्या ओट्यावर पुष्कळदा नसतोच. व्यापारात कठीण, कणीदार आणि चकाकी घेणाऱ्या जवळपास प्रत्येक खडकाला ग्रॅनाइट म्हणतात. भूवैज्ञानिकाचा ग्रॅनाइट म्हणजे भरपूर क्वार्ट्झ असलेला, बहुधा गुलाबी, तांबूस किंवा करडा खडक. लुगड्यांसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या इलकलचा तांबडा दगड त्या जातीचा. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडेही ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. परंतु स्वयंपाकघरात सर्वाधिक मागणी असते काळ्याला, आणि ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून येणारा दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. ‘ब्लॅक गॅलेक्सी’ नावाने विकला जाणारा सोनेरी ठिपक्यांचा दगड आंध्र प्रदेशात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. तोही गॅब्रोच्याच कुळातला, आणि ते ठिपके सोन्याचे नसून पायरॉक्सीन गटातील खनिजाचे. या खडकांत क्वार्ट्झ जवळजवळ नसते. रासायनिक दृष्ट्या त्यांचे नाते ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्टशी जवळचे. म्हणजे विरारचा माणूस शेकडो किलोमीटरवरून जो ‘ग्रॅनाइट’ आणवतो, तो त्याच्या दारातल्या डोंगराचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ निघतो. फरक एवढाच की हा सावकाश निवाला, म्हणून कण मोठे राहिले आणि चकाकी चढते.

उष्णतेच्या बाबतीत हा खोटा ग्रॅनाइट खऱ्यापेक्षा उजवा आहे. क्वार्ट्झ नसल्याने त्याचे प्रसरण कमी. प्रसरण गुणांक दहा लाखांत ५ ते ७ च्या दरम्यान. आपल्या आज्या काळ्या दगडांची तीन धोंड्यांची चूल मांडत आणि ती वर्षानुवर्षे चाले, त्यामागे हेही एक कारण आहे. नदीतून आणलेला ओला गोटा मात्र चुलीला लावू नये असे त्या सांगत. त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन गोटा फुटतो. ‘अग्निजन्य’ या एका शब्दापेक्षा या अनुभवात भौतिकशास्त्र अधिक आहे.

नावाचा दुसरा घोटाळा अलीकडचा आहे. ‘क्वार्ट्झ’ या नावाने कारखान्यात बनवलेल्या पांढऱ्याशुभ्र लाद्या आता मिळतात. त्यांत दगडाचा चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, पण त्याला धरून ठेवतो तो प्लास्टिकच्या जातीचा राळेसारखा चिकट पदार्थ. दीडशे अंशांच्या पुढे तो पिवळा पडू शकतो, जळू शकतो. अशा लादीवर तवा ठेवू नये, मग नाव कितीही दगडाचे असो. नैसर्गिक ग्रॅनाइटच्या लादीतल्या बारीक भेगाही कारखान्यात अशाच राळेने भरलेल्या असतात. गरम भांड्याचा पांढुरका डाग पडला म्हणून तक्रार येते तेव्हा डाग पुष्कळदा दगडावर नसून वर लावलेल्या लेपावर किंवा या राळेवर असतो. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे तर चुनखडक. त्यांचा खरा शत्रू तव्यापेक्षा लिंबू आणि चिंच.

उलट बाजूच्या समजुतीचीही खबर घ्यायला हवी. ओट्याला तडा गेला की घरात निकाल ठरलेला असतो : कुणीतरी कुकर तसाच ठेवला असणार. आणि हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा सून किंवा कामाला येणारी बाई. पण तडा जायला उष्णतेची गरज नाही. लादीखालचे उभे दगड कमी-जास्त उंचीचे असतील, मध्येच आधार नसेल, पुढच्या कडेवर चढून कुणी वरच्या फडताळातला डबा काढला असेल, तर लादी वाकते आणि खालच्या बाजूने ताणली जाऊन तुटते. संपूर्ण लादीचे तापमान ऋतूंनुसार वीस अंशांनी बदलले, तर तीन मीटर लांबीत फरक पडतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढी फट भिंतीशी सोडली नाही तरी लादीवर जोर येतो. भांडे ठेवल्यानंतर तडा दिसला, म्हणून भांड्यामुळे गेला, हे अनुमान ज्योतीच्या प्रयोगाइतकेच कच्चे.

शाळेत याचा चांगला प्रयोग करता येईल. फरशीच्या दुकानातून काळ्या व तांबड्या ग्रॅनाइटचे, कडप्प्याचे, शहाबादीचे सारख्या जाडीचे टाकाऊ तुकडे मागून आणावेत. मध्यभागी गरम पाण्याचे सपाट बुडाचे भांडे ठेवावे आणि दर मिनिटाला दोन जागी तापमान घ्यावे : भांड्याच्या बरोबर खाली, दगडाच्या तळाशी आणि भांड्याच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर. दोन सेंटिमीटर जाडीतून ऊब खाली यायला काही मिनिटे पुरतात. दहा सेंटिमीटर बाजूला तीच ऊब पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागू शकतो, कारण अंतर पाचपट झाले की लागणारा वेळ सुमारे पंचवीसपट होतो. दगड थेट गॅसवर किंवा बर्नरवर तापवण्याचा मोह मात्र टाळावा, आणि तापलेल्या दगडावर गार पाणी तर मुळीच ओतू नये. ढलपी उडून डोळ्याला इजा होऊ शकते.

याच्या जोडीला विद्यार्थ्यांनी आपापल्या आणि शेजारच्या घरांतील ओट्यांची पाहणी करावी. दगडाचा रंग, कण दिसतात की नाही, जाडी, आधार किती अंतरावर आहेत, शेगडी वर ठेवलेली की दगड कापून बसवलेली, आणि तडा असल्यास त्याचे एक रेखाचित्र. तडा भांडी उतरवण्याच्या जागी आहे की सिंक-शेगडीच्या कोपऱ्यातून निघाला आहे, हा रकाना मात्र कुणी रिकामा सोडू नये.